टाकीचा दुसरा होल

किस्से जमवायला मी मुद्दाम कधी बसले नव्हते. नोकरी लागली की मजेशीर माणसं भेटतात आणि त्यांचे किस्से आपोआप साठतात, असं ऐकून होते. मला भेटली एक माशांची टाकी. आठ फूट लांब, रिसेप्शनच्या काउंटरला लागून, आणि तिच्याभोवती अशी माणसं की ज्यांना सगळं आधीपासूनच येतं. वर्षभरात इतकं साठलंय की मैत्रिणी आता फोनवर "कशी आहेस" विचारत नाहीत, "टाकी कशी आहे" विचारतात.

कर्जतहून खालापूरकडे निघालं की आमचं रिसॉर्ट लागतं. मालकांना सगळे शेठ म्हणतात. मूळचे भातशेतीवाले. अर्धी जमीन रिसॉर्टखाली गेली, अर्धी अजून स्वतः उभं राहून लावून घेतात. मी फ्रंट ऑफिसला. इंटरव्ह्यूत "बी.एस्सी. झूलॉजी" असं बोलून गेले, तेवढीच माझी चूक. "मंग मासं तुज्याकडं," शेठ म्हणाले आणि विषय संपला.

टाकीचं शास्त्र एवढंसं आहे. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून खालच्या लपवलेल्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं, पंप ते परत वर चढवतो. जेवढं चढतं तेवढं उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर फरशीवर येतं. हे एवढंच मी वर्षभर सांगतेय.

*

आधी ओव्हरफ्लो कुठला घ्यायचा ते ठरवायचं होतं. एक प्रकार म्हणजे काचेला होल मारून पाइप बसवायचा. दुसरा म्हणजे काठावर टांगायचा डबा. त्यातली वाकडी नळी पाणी ओढून बाहेर टाकते, होल लागत नाही. मी आठवडाभर वाचून सांगितलं, टांगता डबा नको. लाइट जाऊन आली की नळीची ओढ तुटलेली असू शकते, पंप मात्र चालू होतो. आणि आपल्याकडे लाइट जाते.

"लाइट कशाला जाईल? जनरेटर हाय ना," शेठ म्हणाले. "आणि नव्या टाकीला होल? नवी गाडी घेतलीस तर पत्र्याला होल मारशील काय गं?"

डबा आला. पाचव्या दिवशी लाइट गेली. जनरेटर लागेपर्यंत नळीची ओढ तुटली आणि मग पंप मोठ्या इमानदारीने चालू झाला. चेक-इनला आलेलं एक कुटुंब बॅगा डोक्यावर धरून उभं होतं. मी काउंटरवर चढले होते. कशी चढले ते मला अजून आठवत नाही.

शेठ आले. घोटाभर पाण्यात उभं राहून आधी टाकीकडे बघितलं, मग जनरेटरच्या खोलीकडे, मग माझ्याकडे.

"तू बोललीस म्हणून झालं हे."

आणि जाता जाता म्हणाले, "परत फरशीवर पाणी दिसलं, तर तू घरी."

माझी पहिली नोकरी. घरापासून वीस मिनिटांवर. ही गेली तर मला ठाण्याच्या मामांकडे पाठवायची तयारी घरात झालेलीच आहे. तेव्हापासून मी टाकीकडे मासे बघायला जात नाही, पाण्याची पातळी बघायला जाते.

*

शेवटी होल मारायचं ठरलं. कुंभिवलीहून गजाकाका प्लंबर आले. हायवेवरच्या ढाब्यांची, गोडाऊनची सगळी नळकामं त्यांची. त्यांनी रिकाम्या टाकीच्या तळाला मार्करने फुली मारली आणि ड्रिल उचललं.

मी म्हणाले, काका, थांबा. काच टफन्ड, म्हणजे कडक केलेली असेल तर तिला होल मारता येत नाही, अख्ख्या काचेचा चुरा होतो.

"कडक हाय का नरम, ते होल मारल्यावर कळंल ना," गजाकाका म्हणाले.

मी वाचलं होतं की काचेमागे लॅपटॉपची पांढरी स्क्रीन लावायची आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघायचं. कडक काच असली तर काळपट पट्टे दिसतात. माझ्याकडे गॉगल नव्हता. एका गेस्ट काकांचा मागून घेतला. तळ बघायचा म्हणून लॅपटॉप टाकीत उपडा ठेवला आणि मी स्टँडखाली पाठीवर झोपले. नेमके तेव्हा शेठ चार पाहुण्यांना रिसॉर्ट दाखवत आले.

"मॅडमना आतपण ऊन लागतंय," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं.

तळाला पट्टे होते. मागची काच साधी निघाली. म्हणजे त्या फुलीवर ड्रिल टेकलं असतं तर आम्ही सगळे अजून केसांतून काच वेचत असतो. गजाकाकांनी अंगठ्याला थुंकी लावून फुली पुसली. दुपारी कँटीनमध्ये ते सांगत होते, "मॅडमनी टाकीचा एक्स-रे काढला. टाकी नॉर्मल निघाली."

*

मागच्या काचेला होल मारतानाच मी विनंती केली की दोन मारा. एक रोजचा. दुसरा दोन बोटं वर, पहिला तुंबला तर पाणी तिथून जाईल.

"एक हाय ना?" गजाकाका म्हणाले.

"काका, बेसिनला नसतो का? खाली जाळीचा एक, आणि वर काठाखाली एक छोटा."

"तो शोभेचा असतो."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नव्हते करत. तीस वर्षं बेसिन बसवलेला माणूस माझ्याकडे दयेने बघत होता.

"मी तर त्यात सिमेंट भरतो," ते म्हणाले. "झुरळं येतात."

होल एकच मारला गेला.

*

मग आवाज सुरू झाला. पाइपात पाण्याबरोबर हवा शिरली की गड्-गड्-गड्ड होतं, अगदी फ्लश केल्यासारखं. दर चाळीस सेकंदांनी. मी प्रत्येक वेळी दचकायची. आठवड्याने कोणी नुसतं खोकलं तरी दचकायला लागले.

टाकीला लागूनच लेडीज वॉशरूम आहे. एका रविवारी डोंबिवलीहून भिशीच्या बायका आल्या. थोड्या वेळाने बघते तर वॉशरूमच्या दाराशी सातजणी रांगेत उभ्या. मला वाटलं, कोणाला तरी बरं नाही. मी घाबरून जाऊन विचारलं.

"आत एक बाई केव्हाची आहे," पहिली म्हणाली. "सारखं फ्लश करतेय बिचारी. आम्ही घाई नाही केली."

मी दार ढकललं. आत कोणी नव्हतं.

त्या बायका हसून हसून खालीच बसल्या. मला वाटलं, आता तरी शेठ काही करतील. त्यांनी मलाच झापलं. "तुला तोंड नाय काय? टॉयलेट रिकामं हाय, असं मधनंमधनं सांगायचं ना."

आवाजावर उपाय होता. पाइपाला व्हॉल्व्ह लावून तो अर्धा बंद करायचा, म्हणजे पाइप पाण्याने भरून वाहतो आणि हवा शिरत नाही. पण मग टाकीतल्या झाडाचं एक पान अडकलं तरी तुंबतो, म्हणून दुसरा होल लागतोच. मी हे सगळं एका वाक्यात सांगितलं. गजाकाकांनी अर्धं वाक्य ऐकलं आणि व्हॉल्व्ह लावला. रिसेप्शन शांत झालं. शेठनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. राहिलेलं अर्धं वाक्य मी तशीच घेऊन उभी होते.

*

बुधीताई आमच्याकडे हाउसकीपिंगला. डोंगरावरच्या ठाकूरवाडीहून रोज चालत येतात. मला ताय म्हणतात, मी त्यांना ताई.

टाकीतले छोटे मासे कमी व्हायला लागले. मी मोजले तेव्हा अकरा गायब. शेठनी बुधीताईंना काउंटरसमोर बोलावलं. गेस्ट बसलेले असताना!

"वाडीवरच्यांना मासा दिसला की हात शिवशिवतात. खरं बोल."

माझे कान तापले. बुधीताईंनी मात्र पोछा बादलीत ठेवला, पदराला हात पुसले.

"शेठ, ते रंगीत मासं खाणार कोण? त्याला ना चव ना मांस," त्या म्हणाल्या. "पाणी जातं तिकडं मासा जातो. खाली बगितलंत काय?"

मी खालचं कपाट उघडलं. अकराच्या अकरा मासे खालच्या टाकीत फिरत होते, वरच्यांपेक्षा जाडजूड. ओव्हरफ्लोमधून घसरून गेले होते.

आता शेठ माफी मागतील म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. शेठ वाकले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मंग यांना खाली नेऊन टाकलं कोणी?"

मासे जाऊ नयेत म्हणून गजाकाकांनी ओव्हरफ्लोला मच्छरदाणीची जाळी बांधली. दोन दिवसांत तिच्यावर शेवाळ आणि पानं चिकटली. पाणी काठाच्या एका बोटावर आलं तेव्हा माझं लक्ष गेलं. मी ओरडले, बाह्या भिजवत जाळी ओरबाडून काढली. बुधीताईंनी मग बांबूच्या कामट्यांची फणी करून दिली. फटी उभ्या, मासा जात नाही, पान अडकत नाही. ती अजून आहे. पण कधी ना कधी तुंबणारच, म्हणून मी पुन्हा दुसऱ्या होलचं काढलं.

"तुंबला तर काढायचा," शेठ म्हणाले. "तू कशाला हायेस?"

म्हणजे दुसऱ्या पाइपाची नेमणूक झालेलीच होती. ती मी.

*

यंदा लावणी उरकल्यावर चार दिवस पाऊस थांबलाच नाही. एका लग्नाच्या बुकिंगवर शेठची सही हवी होती आणि त्यांचा फोन लागत नव्हता. मी फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मागच्या खाचरांकडे गेले. एवढ्या पाण्यात कुठे काय वळवळतंय या भीतीने पाऊल मोजून टाकत होते.

शेठ बांधावर उभे होते, एका हातात रिसॉर्टची रंगीत छत्री, दुसऱ्यात फावडं. खाचर काठोकाठ भरलेलं. बांधात पाणी जायला एक वाट होती, तिच्यातून धो धो चाललं होतं. शेठ तिच्या बाजूला फावड्याने दुसरी वाट पाडत होते.

मला बघून खुशीत आले. शेतात ते नेहमीच खुशीत असतात.

"ये, ये मॅडम. शिकून घे. कॉलेजात नाय शिकवत हे. ही खालची वाट हाय ना, ती गवतानं तुंबली की पाणी चढतं आणि अख्खा बांध घेऊन जातं. म्हणून ही दुसरी. वीतभर वर ठेवायची. रोज लागत नाय, पण एक तुंबली तर..."

तिथे ते थांबले.

छत्रीवर पाऊस वाजत होता. मी काही बोलले नाही. शपथेवर सांगते, चेहऱ्यावरसुद्धा काही येऊ दिलं नाही. फाइल पुढे केली. त्यांनी सही केली.

"तू काय बोलू नको," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी येते तर गजाकाका हजर. टाकीतलं पाणी अर्ध्यावर उतरवलेलं, मागच्या काचेवर पहिल्या होलच्या दोन बोटं वर मार्करची खूण, आणि ड्रिलची वायर माझ्याच काउंटरखालच्या प्लगमध्ये.

"काका, हे काय?"

"शेठचा रात्री फोन आला. म्हणले, सकाळी जाऊन गुपचूप दुसरा होल मार, पण मॅडमना कळता कामा नये." त्यांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. "म्हणून मी तुमाला काय सांगत नाय. हे पाणी सोडत राहा काचेवर, तापली नाय पाहिजे."