संपर्क तुटला

थोरलीची पीएचडी म्हणजे नव्या औषधाने रोगी किती काळ जगतात याचं गणित. रोगी तपासणीला यायचा थांबला, की 'संपर्क तुटला' म्हणून हात झटकायचे. घरी मेला-बिला तर ते मोजायचं नाही. हा नियम तिचाच, काम सुटसुटीत व्हावं म्हणून केलेला.

बाबांनाही तेच औषध चालू होतं; तिच्या यादीतले तेही एक रोगी. शेवटी त्यांना अंथरुणातून उठवेना, तपासणी चुकली आणि ते घरीच वारले.

"वाईट झालं," गाइडसर म्हणाले, "पण नियम तुझाच आहे ना?"

दातओठ खात तिने यादीतल्या बाबांच्या नंबरापुढे 'संपर्क तुटला' टाइप केलं. औषध गुणकारी ठरलं, पदवीही मिळाली.

आई कौतुकाने म्हणाली, "तुझ्या भरवशावर मामालाही तेच औषध सुरू केलंय हो!"