बांधून ठेवलेलं पान

चार दिवस नानांची बोटं स्वच्छ होती, आणि तोच घोर मंदाबाईला लागला होता. धुळ्याच्या छापखान्यात चाळीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या तिच्या वडिलांची शाईने काळी झालेली बोटं साबणालाही दाद द्यायची नाहीत. आता ते रोज छापखान्यात जात होते आणि डबा भरलेलाच परत आणत होते.

पाचव्या दिवशी मालक प्रेमचंदशेठ दारात आले.

"मंदाताई, नानांना समजवा. देशभक्तांचं पुस्तक उद्या मशीनवर चढायचंय. जळगावहून पुस्तक काढणारे धनसिंगभाऊ माझा जीव खातायत. एक पान अडलंय, तर दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. कोंबडी बसावी तसे बसलेत त्यावर!"

शेठ गेल्यावर मंदाबाईने नानांच्या कोटातून त्या अडलेल्या पानाचा कागद काढला. 'सरकारने जप्त केलेल्या पुस्तिकेचा लेखक झुलाल देवरे १९१० साली माफी लिहून सुटला. असली नावं विसरावीत.'

हे साऱ्या मुलखाला पाठ होतं. गेल्या साली झुलाल सावद्याला वारला, तेव्हा खांद्याला माणसं पुरली नाहीत. नाना मात्र गेले होते.

"खोटं आहे का हे?" तिने नानांना विचारलं.

"खरं शे," नाना म्हणाले. "म्हणून तर हात चालत नाही."

मग ते बोलले. ती पुस्तिका त्यांनीच चोरून जुळवली होती. छापून झालं की जुळवलेल्या पानाची दोरी सोडायची, एकेक खिळा आपापल्या खणात टाकायचा, मागमूस उरू द्यायचा नाही, हा नियम. पण पहिलं पान इतकं देखणं उतरलं की ते विस्कटवेना. सकाळी बघू म्हणून त्यांनी तसंच बांधून फळीखाली सरकवलं. सकाळी पोलीस आले. उलटी अक्षरं फौजदाराने आरसा मागवून वाचली, आणि नाना व झुलाल दोघांनाही धरलं.

"तू आठ दिवसांची होतीस. फौजदार झुलालला म्हणाला, माफीवर सही कर, तुझा खिळेवाला घरी जाईल. त्यानं केली. त्यालाबी घरी जायचं असेल, मला काय माहीत? पण आधी माझी कोठडी उघडली."

"आणि तुम्ही छत्तीस वर्षं गप्प?"

"आधी त्यानंच शपथ घातली. मग लोक मला मान देऊ लागले. मार खाल्ला पण फुटला नाही, म्हणे."

तिने कागद उलटला. मागच्या बाजूला पुढचा मजकूर होता, सुकदेव खिळेवाल्याच्या गौरवाचा. तिच्या वडिलांच्या.

"आता तू गप ऱ्हा, मन्ही माय. तुझ्या कमलची सोयरीक धनसिंगभाऊंच्या घरी ठरतेय. आजोबाचं नाव ऐकून त्यांनी पोरगी पसंत केली."

मंदाबाईने आत पाहिलं. कमल आतल्या खोलीत गुणगुणत होती. बोलावं तर लेकीचं ठरलेलं घर जातं. न बोलावं तर ज्याच्या सहीमुळे बाप घरी आला, त्याच्यावर उद्या थुंकी छापली जाते, तीही बापाच्याच हातांनी.

"सही केली हे राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "का केली तेही छापायला हवं."

"माझं नाव जाईल, मंदा."

"जाईल."

"आणि कमल?"

"तिला मी सांगते." तिने कमलला हाक मारली, शेजारी बसवून सगळं सांगितलं. पोर रडली, पण नको म्हणाली नाही.

मंदाबाई छापखान्यात गेली. "शेठ, उद्याचं मशीन थांबवा. आणि जळगावचा फोन लावून द्या. धनसिंगभाऊंशी मीच बोलते."