मीठ न घातलेली माती

जगन्नाथ नेवगींनी आयुष्यभर पाण्यातून मीठ काढलं. अबुधाबीजवळच्या मुसाफामध्ये त्यांचा वॉटर फिल्टर आणि वॉटर कूलरचा धंदा. समुद्राचं पाणी सरकार गोड करतं हे त्यांना मान्य होतं, पण घराच्या टाकीत पोचेपर्यंत त्याचं काय होतं ते आपल्यालाच कळतं, असं त्यांचं मत होतं. मतांची त्यांच्याकडे टंचाई नव्हती. कुणाचे केस गळोत, कुणाचा गुडघा दुखो, कुणाचं घरात पटत नसो, त्यांचा उपाय एकच: पाणी बदला आणि भरपूर प्या. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते दिसले की लोक हातातला कोकचा ग्लास पाठीमागे नेत.

मुलगी एकच, पर्णिका. अबुधाबीत वाढलेली, त्यामुळे मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. फिजिओथेरपिस्ट होऊन ती इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या एका खेड्यात नोकरीला गेली. त्या गावात दर मे महिन्यात विहीर सजवतात. मोठ्या लाकडी फळीवर ओली चिकणमाती थापायची, तिच्यावर चित्र टोचून काढायचं आणि ते पाकळ्या, पानं, बिया दाबून भरायचं. मग फळी विहिरीवर उभी करायची, आणि आठवडाभरानं कोमेजली की उतरवायची. नेवगींना ही मोठी गंमत वाटे. तिथं नळाला गोड पाणी, विहिरीचं कुणी तोंडात घेत नाही, आणि लाड मात्र विहिरीचे. इथं आपण आख्खा समुद्र पितो, पण कूलरला कुणी साधा हार घालत नाही. हा विनोद ते दर वर्षी नव्यानं करत.

गेल्या वर्षी शोभनाताई, म्हणजे नेवगींच्या पत्नी, मुलीकडे जाऊन आल्या. गावच्या हॉलमध्ये तिच्या शेजारी बसून त्यांनी पाकळ्या लावल्या. नेवगी गेले नाहीत. उन्हाळा म्हणजे कूलरचा सीझन.

जानेवारीत एका रविवारी पर्णिकाचा फोन आला, तो नेवगींनी घेतला. ताप आहे, डोकं फार दुखतंय, मान वळत नाही, असं ती सांगत होती. भरपूर पाणी पी, उद्या बरं वाटेल, असं त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला. मंगळवारी तिथल्या हॉस्पिटलमधून फोन आला. मेंदूज्वर. शोभनाताईंचा व्हिसा गेल्या वर्षीचा शिल्लक होता, नेवगींना नवा काढावा लागणार होता. त्या एकट्या गेल्या आणि अस्थी घेऊन परत आल्या.

इथली माणसं गेलेल्या जिवलगाच्या नावानं घराबाहेर पाण्याचा कूलर लावतात. उन्हातला कुणीही येऊन प्यावं. नेवगींनी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आपल्या व्हिलाच्या भिंतीला तसा एक लावला. अरब घरमालकानं परवानगी देताना डोळे पुसले. नेवगींनी पुसले नाहीत. त्यांनी त्याला फिल्टर कुठल्या प्रतीचा आहे ते समजावून सांगितलं.

शोभनाताई घरात कामापुरतं बोलत. भाजी काय, गॅस संपला, एसीवाला आला. मे महिना लागला तेव्हा त्या अचानक म्हणाल्या की येत्या गुरुवारी तिच्या गावात विहीर सजेल. त्या दिवशी आपला कूलर सजला पाहिजे. मुलगी गेल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. चित्रही ठरलं होतं: पर्णिकाच्या खिडकीत येणारा लाल छातीचा छोटा पक्षी. माती कशी करायची तेही त्यांनी सांगितलं. अनवाणी तुडवायची, आणि मीठ घालायचं, चांगलं ओंजळी-ओंजळीनं, म्हणजे ती ओली राहते.

दुकानातला मुश्ताक मातीची गोणी घेऊन आला. नेवगींनी ती बाथटबमध्ये स्वतः तुडवली. मीठ मात्र स्वयंपाकघरातच राहिलं. मिठानं खाल्लेले पाइप त्यांनी जन्मभर पाहिले होते. इंग्लंडमधल्या बायकांनी काय पाहिलं होतं? त्यांनी वरून फिल्टरचं पाणी शिंपडलं.

शोभनाताई हॉलमध्ये खाली बसून पक्षी भरत होत्या. काळ्या उडदांची कड, गुलाबाच्या पाकळ्यांची छाती. एसी चालू होता. बुधवारी सकाळी माती तडकली होती. भेग पक्ष्याच्या छातीतून आरपार गेली होती आणि पाकळ्या फळीखाली पडल्या होत्या.

"मीठ किती घातलंत?"

नेवगी एसीकडे बघून म्हणाले की हवा फार कोरडी पडते, आणि मुश्ताकनं माती कुठून आणली ते विचारायला हवं. शोभनाताईंनी त्याच आवाजात तोच प्रश्न परत विचारला.

"नाही घातलं. मला वाटलं..."

"तिनंही सांगितलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मान वळत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, पाणी पी."

एवढं बोलून त्या पर्णिकाच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

नेवगींनी फळीवरची माती खरवडून पुन्हा टबमध्ये टाकली. घरातलं मीठ पुरेना, म्हणून कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आणखी आणलं. माती तुडवताना ते टाचांच्या भेगांत झोंबत होतं. जवळच्या शाबिया बाजारातल्या फुलवाल्याकडे लाल गुलाब संपले होते. केशरी झेंडू मिळाला. मग त्यांनी स्वतः पक्षी काढला. तो कबुतरावर गेला. पहिली पाकळी हातात घेऊन ते बराच वेळ फळीसमोर बसले. शेवटी उठून बंद दाराशी गेले.

"शोभना, वरून सुरू करायचं की खालून?"

त्यांनी कुणाला काही विचारल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. आतून उत्तर आलं.

"खालून. वरची पाकळी खालच्या पाकळीवर यायला हवी, कौलांसारखी. म्हणजे पाऊस ओघळून जातो."

मे महिन्यात इथं पाऊस पडणार नव्हता. हवामानावरही नेवगींची मतं होती. "बरं," ते म्हणाले, आणि जाऊन खालच्या कडेपासून लावू लागले.

गुरुवारी फळी कूलरवर उभी राहिली तेव्हा अर्धीच भरली होती. पक्ष्याला पाय होते, केशरी छाती होती. डोक्याच्या जागी नुसती माती. एक टॅक्सीवाला पाणी पिऊन गेला. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी शोभनाताई बाहेर आल्या. त्या मोकळ्या मातीत त्यांनी अंगठा दाबला. अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटला.

"ओली आहे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

माफ केलं, असं त्यात कुठं ऐकू आलं नाही. ऐकू आल्याचा आव नेवगींनीही आणला नाही. त्यांनी पिशवीतून पुढची पाकळी काढली.