बापाला काम आठवतं म्हणे

आमच्या गावात एखाद्या म्हाताऱ्याकडून फुकट काम करून घ्यायचं असलं, की आधी त्याच्याबद्दल एक वाक्य पसरवतात. "त्याले घरी करमत नाही." एकदा हे वाक्य पसरलं की तो माणूस उन्हात चालत जावो नाहीतर पाय सुजवून परत येवो, दोष कोणाच्याच माथी येत नाही. त्यालाच हौस!

हे वाक्य मी माझ्या बापाबद्दल वर्षभर ऐकलं. चहाच्या टपरीवर ऐकलं, पिठाच्या गिरणीत ऐकलं, विहाराच्या ओट्यावर आमच्याच लोकांच्या तोंडून ऐकलं. दर वेळी ते हसून म्हटलेलं असायचं आणि दर वेळी माझ्या अंगाची आग व्हायची. मी पत्रकं लिहिणारी पोरगी आहे. एका कागदात, मोठ्या अक्षरात, कोण कोणाला पिळतं ते सांगायची मला सवय आहे. हेही तसंच सांगणार. गोडवा दुसरीकडे शोधा.

बाप गावचा कोतवाल होता. पोलिसातला नव्हे. महसूल खात्याची ही शेवटची पायरी, हिच्याखाली फक्त माती. घरोघरी नोटीस पोचवायची, साहेब आला की त्याची बॅग उचलून बांध दाखवायचा, पंचनाम्याला माणसं गोळा करायची, दवंडी द्यायची. आता म्हणे त्या पदाचं नाव बदलून सेवक केलं. नाव दिलं, बसायला खुर्ची काही दिली नाही.

आजोबांनी धम्म घेतला तेव्हा डफडं टाकलं, मेलेलं ढोर ओढणं टाकलं, गावकीचं सगळंच टाकलं. बाप कोतवालाची ऑर्डर घेऊन आला तेव्हा ते एवढंच बोलले म्हणतात, "नौकरी कर. पन वाजवजो नको." म्हणून बापानं सगळी नोकरी दवंडी शिट्टीवर दिली. चौकात उभं राहायचं, दोन लांब शिट्ट्या मारायच्या, मग बोलायचं. आसपासच्या गावांतले कोतवाल थाळी बडवायचे. आमचा शिट्टीवाला.

साठ पूर्ण झाल्यावर शाल, नारळ आणि फोटो मिळाला. फोटोत पटवाऱ्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवलाय. तलाठ्याला आम्ही अजून पटवारीच म्हणतो. शाल खांद्यावर होती तेवढ्यातच तो म्हणाला, "कोतवालभाऊ, उद्या जरा येऊन जाजा. नवा मानूस येईपर्यंत."

नवा माणूस आलाच नाही. रोज नऊला फोन यायचा आणि बाप टॉवेल खांद्यावर टाकून निघायचा.

"बाबा, तुमी काहून जाता? सुटले ना तुमी आता?"

"त्याले बांध समजत नाही व. कोनाचं तरी वाकडं होईन."

"होऊ द्या ना. सरकारनं कायले ठेवला त्याले?"

बाप चप्पल शोधायचा. उत्तर टाळायचं असलं की त्याची चप्पल नेमकी हरवते.

मला राग त्याच्या चालण्याचा होता. तो तिथं जाऊन काय करतो, हे मी विचारलंच नाही. माझी चूक इथून सुरू होते.

पंचनामा म्हणजे काय? पंचांनी जागेवर जावं, डोळ्यांनी पाहावं, पाहिलेलं लिहिलं जावं आणि लिहिलेलं वाचून खाली सही करावी. आमच्याकडे हे सगळं शेपटीकडून चालतं. आधी सही, मग लिहिणं. पाहणं राहून जातं. कोऱ्या कागदाच्या तळाशी सह्या घेऊन ठेवायच्या आणि वरचा मजकूर हापिसात सवडीनं भरायचा. नोकरीत असताना बाप पंच गोळा करायचा. सुटल्यावर तो स्वतःच पंच झाला. हाताशी असलेला, सही येणारा आणि नाही म्हणायची सवय नसलेला. यापेक्षा चांगला पंच कोणत्या पटवाऱ्याला मिळेल?

या उन्हाळ्यात वावधान, म्हणजे वादळ, सुटलं आणि आमच्या गल्लीतल्या मोठीमायच्या घराची मागची भिंत पूर्ण बसली. मोठीमाय आमची नात्यातली नाही, एकटी राहते, सगळी गल्ली तिला मोठीमाय म्हणते. वरचे टिनाचे पत्रे उडून निंबाच्या झाडात जाऊन अडकले. आठ दिवसांनी नुकसानभरपाईची यादी लागली. तिच्या नावापुढे लिहिलं होतं : किरकोळ पडझड. पंचनाम्यावर पंच म्हणून सही होती माझ्या बापाची.

ती सरळ आमच्या दारात आली. बसली नाही, पाणीही घेतलं नाही.

"तुही सही हाय म्हन्ते खाली. तू आलता का रे पाह्याले?"

बाप म्हणाला, "नाही."

"मंग कोनत्या डोयानं पाह्यलं?"

ती निघून गेली. तिची गल्लीतली पाठ मला अजून दिसते, कारण त्या दिवसापासून तिनं आमच्या घराकडे तोंडच केलं नाही.

मी पेटले. पेटले की मी पत्रक लिहिते. विषय ठरवला : सुटल्यावर काम आठवतं, असं कोण म्हणतं? तिचा फेरपंचनाम्याचा अर्ज लिहून तहसिलीत देऊन आले आणि माणसं विचारत फिरले.

गावचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "फार आठवते बेटा. घंटा झाली की अजूनही उठून उभा राहतो."

"पोरं आठवतात का, सर?"

"वर्ग आठवतो. मी आत गेलो की सगळे एकदम उभे राहायचे."

मी लिहिलं : मास्तरांना काम आठवत नाही, नमस्कार आठवतो.

मोठीमायकडे गेले. मागच्या बाजूला भिंतीच्या जागी फाटकी ताडपत्री बांधली होती. माझ्याशी ती बोलली, बापाचं नाव मात्र काढलं नाही.

"मोठीमाय, कापूस येचनं सुटलं तुमचं. आठवन येते का?"

"आमाले रिटायर कोन करते व माय? गुडघे करते." मग बोटं पुढे केली. बोंडांच्या टोकांनी कातरलेली ती बोटं आता सरळ होत नाहीत. "हे बोटं हायेत ना. मी इसरली तरी हे आठवन देते."

हेही लिहिलं. मग शेवटी जाड अक्षरात चौकट टाकली : "उभा जन्म राबलो. एक दिवसही काम आठवत नाही. आता मला बोलावू नका! — एक निवृत्त कोतवाल."

बापाला विचारलं नव्हतं. त्याची गरजच वाटली नाही. त्याचं उत्तर मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण माझं बरोबर होतं. पत्रकवाल्यांचा हा रोग आहे. ज्यांच्यासाठी ओरडायचं त्यांच्या तोंडात आपलेच शब्द कोंबायचे, आणि त्यांनी हू की चू केलं तर म्हणायचं, अजून जागृती झाली नाही.

बोरी अरबच्या बाजारात मी पत्रकं वाटली. गावात दुसरा निवृत्त कोतवाल नाही, त्यामुळे नाव न लिहूनही सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी पटवाऱ्यानं ती चौकट हापिसात चार लोकांसमोर मोठ्यानं वाचली. "कोतवालभाऊ, आमचा कटाळा आला म्हन्ते तुमाले! तोंडानं सांगाचं ना, छापाले कायले लागते?" लोक हसले.

बाप घरी आला, खिशातून पत्रक काढलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"हे म्या कवा म्हटलं?"

"म्हटलं नाही. पन खरं हाय."

"खरं हाय का नाही, थे मले इचारलं?"

तो चढ्या आवाजात बोलत नाही. तसा बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

"पटवारी माही सही घेते न मंग लिवते. तू लिवलं न मंग माही सही मारली. त्याचा कागद कोरा होता, तुहा भरलेला. मले दोन्ही वक्ताले कोनी इचारलं नाही."

मी चिडून म्हटलं, "मग कोऱ्या कागदावर सही काहून करत होते? हात कोनी धरला होता का तुमचा?"

तो पत्रकाची घडी घालत राहिला. मी जिंकले असं मला वाटलं, आणि जिंकून कसं घाणेरडं वाटतं तेही कळलं. मग पहिल्यांदा विचारलं, "सांगा मग. आठवते का काम?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "नोटिसा वाटनं नाही आठवत. साहेबाची बॅग तर नाहीच नाही. पन दोन शिट्ट्या मारल्या का पाटलाच्या घरचेबी बाहीर याचे. माह्यं बोलून होयेपर्यंत उभे राह्याचे. थे आठवते."

मला हे आवडलं नाही. अजूनही आवडत नाही. ज्यांच्या दारात आजोबांना डफडं वाजवावं लागलं, त्यांचंच उभं राहणं माझ्या बापानं जपून ठेवावं? मास्तरांवर लिहिलेली ओळही मला टोचली. पण ती मी मागे घेणार नाही. मास्तरांपुढे जो उभा राहत नव्हता त्याला छडी होती. बापाच्या हातात शिट्टीशिवाय काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात फेरपंचनाम्याचा हुकूम आला आणि पटवारी मोटारसायकल घेऊन आमच्याच दारात हजर. खुर्चीवर बसला, पाणी प्याला, पिशवीतून कागद काढला. वरचा छापील भाग सोडला तर कोरा.

"कोतवालभाऊ, खाली सही मारा फक्त. बाकी मी पाहून घेतो."

मी दारात उभी होते. जिभेवर दहा वाक्यं होती. आयुष्यात पहिल्यांदा ती गिळली. समोरच्या ओट्यावर मोठीमाय आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. हात थांबले होते.

बापानं कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "याच्यात वाचाले काहीच नाही, साहेब."

"लिवतो ना हापिसात."

"इथंच लिवा. तिच्या घरी जाऊन लिवा."

पटवारी माझ्याकडे पाहून हसला. "तुमीबी पोरीच्या नादी लागले का आता?"

"पोरीचाबी कागद म्या मान्य नाही केला," बाप म्हणाला आणि चप्पल घातली. त्या दिवशी ती लगेच सापडली.

पटवाऱ्याकडे टेप नव्हता. भिंत पाहायला येणारा माणूस टेप आणत नाही, म्हणजे तो काय पाहायला आला होता ते समजून घ्या. बापानं पडलेली भिंत हातानं मोजली, निंबातले पत्रे दाखवले, एकेक गोष्ट सांगितली. पटवाऱ्यानं ओठ आवळून लिहिली. लिहून झाल्यावर त्यानं पेन पुढे केला. बापानं पेन घेतला नाही, कागद घेतला. मग बंडीच्या खिशातून शिट्टी काढली. ती अजून खिशात असते हे मला माहीत नव्हतं.

दोन लांब शिट्ट्या.

दारं उघडली. गिरणीतली माणसं पिठाच्या हातांनी आली. बापानं पंचनामा पहिल्या ओळीपासून दवंडीच्या आवाजात वाचला. मागची भिंत पूर्ण पडलेली, टिनाचे पत्रे उडालेले, घर राहण्याजोगं नाही. मग विचारलं, "बराबर हाय का?" लोकांनी हो म्हटलं. त्यानं सही केली. आणखी चौघांनी वाचून केली.

पटवारी गाडीला किक मारून गेला. मोठीमायनं बापाला धन्यवाद वगैरे काही दिलं नाही. म्हणाली, "पह्यलेच आला असता तर पाय मोडले असते का तुहे?" आणि मग, "बस. च्या ठेवते."

दुसऱ्या दिवशी नऊला फोन वाजला. मला वाटलं होतं, आता येणार नाही. पण आला. तिकडून तोच गोड आवाज, जणू काही झालंच नाही. बापानं फोन माझ्याकडे दिला.

"त्याले सांग, मले बोलवाचं असन तर लेखी पाठवा म्हना. नाव, काम, तारीख, न खाली सही त्याची. सारी जिंदगी म्या लोकाले नोटीस लेखीच नेऊन देल्ली. तोंडी एकबी नाही देल्ली."

मी शब्दाला शब्द तसंच सांगितलं. पदरचं काही घातलं नाही. तिकडून फोन कट झाला.

लेखी काही आलेलं नाही. येणारही नाही, कारण लिहून दिलं की त्या माणसाची गरज होती हे कबूल करावं लागतं. गाव आता म्हणतं, कोतवाल पोरीमुळे बिघडला. म्हणू द्या.

नऊ वाजले की बाप एकदा फोनकडे पाहतो. मी ते पाहिलं आहे. पाहिलं म्हणून लिहिते, आणि हा कागद छापायच्या आधी त्याला वाचायला देणार आहे.