व्हर्नाबाईंची बोटं

व्हर्ना टॉलिव्हर यांना दिसेनासं होऊन आठ वर्षं झाली होती. तरी ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एका तळावर कुणाचा कॅम्पर, म्हणजे राहायची गाडी, बिघडला की बोलावणं त्यांनाच जाई. हार्लनला हे ठाऊक नव्हतं. हा निवृत्त शाळामास्तर थंडी चुकवायला मिनेसोटाहून पहिल्यांदाच आलेला. चौथ्याच दिवशी त्याच्या कॅम्परखालच्या संडासाच्या टाकीचा, मैला सोडायचा व्हॉल्व अडकला. त्याने जोर लावून ओढला, तर मूठच हातात आली. टाकी काठोकाठ भरलेली.

सकाळी शेजारची ओडेट पंचाहत्तरीच्या एका बाईंना घेऊन आली. त्यांच्या हातातली पांढरी काठी हार्लनने पाहिली.

"अगं, यांना दिसत नाही," तो ओडेटच्या कानाशी लागला.

"ऐकू येतं मात्र झकास," व्हर्नाबाई म्हणाल्या. "आणि मास्तर, गाडीखाली डोळेवाल्यांना तरी काय दिसतं?"

आधी त्यांनी मैला उपसणारी गाडी मागवली, वरून संडासातूनच नळी घालून टाकी रिकामी करवली आणि दोनदा खंगाळून घेतली. मग हातमोजे चढवले, जमिनीवर ताडपत्री अंथरली आणि पाठीवर सरकत आत गेल्या. परक्या बाईने आपली घाण काढायची! हार्लन शरमेने अर्धमेला झाला. हत्यारांचा डबा घेऊन तोही शेजारी आडवा झाला.

चार गंजलेले बोल्ट. बाईंनी तेल सोडलं, वाट पाहिली आणि एकेक अलगद फिरवून काढला. जुना व्हॉल्व सुटताना उरलंसुरलं पाणी त्यांच्या बाहीवर सांडलं.

"किळस नाही वाटत?" हार्लनने विचारलं.

"चाळीस वर्षं गाई सांभाळल्या मी. वासरू आडवं आलं की खांद्यापर्यंत हात आत. पाय आहे का डोकं, बोटांनीच ओळखायचं. जीव आहे की गेला, तेही."



बाईंनी आणलेल्या नव्या व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंना, पाणी झिरपू नये म्हणून, एकेक रबरी कडी होती. मोजे काढून त्यातली एक बसवताना बाई थबकल्या. "मुडपलीय."

हार्लनने बॅटरी मारली. "छान बसलीय की!"

"डोळे मिटा. बोट फिरवा."

त्याने फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा केसाएवढा उंचवटा बोटाला लागला.

बाईंनी कडी काढून ग्रीस लावून पुन्हा बसवली. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. टाकीत पाणी भरलं. जोडाखाली तळहात धरून त्या पाव तास निश्चल पडून राहिल्या.

"कोरडा," त्या शेवटी म्हणाल्या.

बाईंचे हात तीनदा खसखसून धुऊन झाल्यावर हार्लन त्यांना धरायला पुढे झाला.

"धरू नका हो! कोपर द्या, मी धरते," बाई म्हणाल्या. "पलीकडच्या कॅम्परमध्ये, लिंडग्रेनकडे, पाण्याचा पंप ओरडतोय, ऐकलंत ना?"

हार्लनने कान दिला. त्याला फक्त वारा ऐकू आला. त्याने कोपर पुढे केलं.