कडू दोडक्याचं खापर

लग्न होऊन मी निमगाव केतकीच्या रानातल्या वस्तीवर आले ते नव्वद सालानंतर. माहेर माझं लासुर्ण्याकडचं, उसातलं. पाठवणीच्या वेळी आईनं पदराला दोडक्याचं बी बांधून दिलं होतं, आमच्याकडं देतातच. सासूबाईंनी पुरचुंडी उघडली, बियांचा वास घेतला आणि म्हणाल्या, "आमच्यात दोडकं पिकत न्हाईत व्हय?" झालं! पहिल्याच दिवशी माझं बी त्यांच्या डोळ्यांत खुपलं.

तरी पावसाळ्यात दोन आळी झाली. विहिरीकडच्या आळ्यात माझं बी टोचलं. गोठ्यामागच्या आळ्यात त्यांचं, आदल्या साली वेलावरच दोडका वाळवून धरलेलं.

पहिली तोडणी त्यांच्या वेलाची, दोडके आखूड आणि जाडजूड. चिरताना कच्ची फोड चाखून बघायची आईची शिकवण. पण सासूच्या बियाचा दोडका नव्या सुनेनं चाखून बघायचा म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवण्यासारखंच, म्हणून तशीच फोडणीला टाकली. नवऱ्यानं पहिलाच घास थुंकला. "कडूजहर हाय गं!"

दुसऱ्या दिवशी माझ्या वेलाचे दोडके केले. ते गोड निघाले आणि तिथंच घात झाला.

"हिचा ग्वाड आन् माजाच कडू कसा?" सासूबाई कडाडल्या. "हिनंच बी बदललं."

त्या दिवसापासून मी चुलीपुढं बसले की त्या पाठीमागं उभ्या. मिठाचा डबा उघडला तरी त्यांची मान पुढं. मीही काही कमी नव्हते. मला वाटायचं, मला घालवायचं म्हणून बाईनंच कडू बी लावलंय. जेवताना आम्ही दोघी एकमेकींच्या ताटावर डोळा ठेवून असायचो. नवरा मुक्यासारखा भाकरी मोडायचा. शेवटी एक दिवस त्यांनी त्याला माझ्यादेखत सांगितलं, "दिवाळीला हिला माहेरी पोचव. आन् माघारी आणाया कुणी जाऊ नगा."

नवरा टाकणार की काय? माहेरी जाऊन तोंड कसं दाखवायचं?

घरात धीर देणारे एक आबाच, माझे सासरे. ती कडू भाजीसुद्धा त्यांनी निमूट संपवली होती. "आसू दे पोरी, औषिद म्हणून खातो," म्हणाले होते. वाटलं, एवढा एक माणूस आपला आहे.

एकदा दिवस मावळताना मी गोवऱ्या आणायला गोठ्यामागं गेले. तिथं आबांचा जुना मेंढवाडा होता. मेंढरं कधीच विकली होती, काट्याचं कुंपण तेवढं राहिलेलं. त्यावर एक वेल चढला होता आणि आबा तांब्यानं त्याच्या बुडाला पाणी घालत होते. वेलाला लिंबाएवढी, दोडक्यासारख्या धारांची फळं. मी एक तोडून जिभेला लावलं. अगंबाई! तोच कडूपणा. सासूबाईंचे दोडके यंदा आखूड आणि जाडजूड का आले होते तेही दिसलं. ते धड ह्या फळासारखे नव्हते, धड दोडक्यासारखे नव्हते.

"आबा, ह्यो येल कुठला?"

"घाटातला, रानदोडका. शेवटल्या खेपेला मेंढरं घिऊन गेलतो, तवा बी आणलं. गेल्या साली पयल्यांदाच फुलला. मेंढरांच्या औषिदाचा."

"आन् ह्याच्या फुलातलं पिवळं पीठ आपल्या दोडक्याच्या फुलाला लागलं तर?"

"लागतंच की. डोंगरात ही दोनी जवळ आली की तिसरंच निपजतं. त्या साली दोडका ग्वाडच, पर बियात कडू उतरतं. तितल्या बाया बियाचा दोडका ह्याच्यापासनं लांब धरत्यात."

म्हणजे हे सगळं गेल्या साली झालं होतं, मी या घरात पाऊल टाकायच्या आधी. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"तुमाला पहिल्या घासालाच कळलं हुतं?"

आबांनी मान खाली घातली. "व्हय."

"आन् तुमी गप ऱ्हायला? मला माहेरी धाडाया निघाल्यात, आबा!"

"मेंढरं गेली, कुत्री गेली. ह्यो येवढा येल ऱ्हायलाय. तुज्या सासूला कळलं तर उपटून टाकंल." वेलावरून हात फिरवत म्हणाले, "तुला मी कवातरी माघारी आणलं आसतं, पोरी. येल कुठनं आणला आसता?"

सासूबाईंचा कधी आला नाही एवढा राग मला त्या माणसाचा आला.

मी तिथूनच मोठ्यानं हाक मारली, "आत्याबाई, हिकडं या!"

आबांनी अडवलं नाही. हातातला तांब्या खाली ठेवला आणि वेलापासून बाजूला झाले.