अस्वलाच्या मापाची बंदूक

माझा स्वभाव संशयी आहे हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत लहान मुलांची डॉक्टर म्हणून मी आयुष्य काढलं, आणि त्या कामात भोळ्या बाईचा काही उपयोग नसतो. मूल पलंगावरून पडलं असं आई सांगते, तेव्हा आपण मान डोलवायची आणि मुलाचा सदरा वर करून पाठ बघायची. निवृत्त झाल्यावर दवाखाना सुटला, बघायची खोड काही सुटली नाही. त्यामुळे गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं नवराबायको अलास्कात मुलीकडे राहायला गेलो, तेव्हा दुसऱ्याच सकाळी मला तिच्या खांद्यावरचा डाग दिसला यात नवल नाही.

ती वरच्या फळीवरून पोह्यांचा डबा काढत होती. हात वर केला तसा टी-शर्टचा गळा सरकला. उजव्या खांद्याच्या खळग्यात, गळ्याच्या हाडाखाली, चांगलं तळहाताएवढं काळंनिळं होतं. कडेने पिवळट हिरवं. म्हणजे जुन्या मारावर नवा मार.

"हे काय गं?"

"काही नाही आई. गॅरेजचं डोअर लागलं."

"दार इथे लागतं?"

"इट्स नथिंग. तू पोह्यांत शेंगदाणे घालणारेस ना?"

दार लागलेली माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. दार कपाळाला लागतं, कोपराला लागतं, दारात बोटं चेमटतात. खांद्याच्या खळग्यात नेमकं शिरून कुठलं दार मारत नाही, आणि तेही दोनदा. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

घरात माणसं दोनच, ती आणि तिचा नवरा. जावई अमेरिकन, त्याच गावात वाढलेला. लहान विमानांची इंजिनं दुरुस्त करतो. अंगाने धिप्पाड, दाढीवाला, आणि बोलणं अगदी मोजकं. लग्नाच्या वेळी मला त्याचं ते गप्प राहणं आवडलं होतं. आपल्याकडच्या बडबड्या मुलांपेक्षा बरा, असं मीच चार जणींत म्हटलं होतं. आता तेच खटकायला लागलं. दवाखान्यात बायकोला तोंड उघडू न देणारे बाप येत, तसे कोपऱ्यात बसून नुसते स्वतःच्या बुटांकडे बघणारेही येत. मी त्याचे हात बघायला लागले. पोळी तोडताना बघितले, कॉफी ओतताना बघितले. जेवणानंतर भांडी तोच घासायचा, तर त्यातही मला वाटे, हा इतकं कशासाठी करतोय?

नवऱ्याला सांगितलं. तो निवृत्त इंजिनियर, त्याचा विश्वास यंत्रांवर आणि माणसांवर सारखाच.

"अगं, आपला जावई आहे तो. पेशंटचा बाप नव्हे."

"बापही कुणाचे तरी जावईच असतात," मी म्हटलं.

मग मी डोळ्यात तेल घालून बसले. मुलगी डाव्या हाताने केस विंचरत होती. जड कढई उचलायची वेळ आली की नवऱ्याला हाक मारत होती. मी स्वयंपाकघरात शिरले की दोघांचं बोलणं थांबे आणि ती हवामानाविषयी काहीतरी सांगायला लागे. गॅरेजमध्ये एक लोखंडी कपाट होतं, त्याला कायम कुलूप आणि किल्ली जावयाच्या खिशात. "ग्रोसरी करून येतो" म्हणून दोघं गेली आणि दीड-दोन तासांनी दुधाचा एकच कॅन घेऊन परत आली. तिचं जॅकेट मी खुंटीला लावायच्या मिषाने हुंगून बघितलं. दिवाळीत मुलांच्या कपड्यांना येतो तसा काहीतरी जळका वास होता. वास ओळखीचा, पण इथे तो कुठून आला ते मला ताडता येईना. कुठेतरी पाणी मुरत होतं एवढं नक्की.

मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. परक्यांच्या लेकरांसाठी मी कित्येकदा फोन उचलला, माणसं बोलावली, कागद भरले. इथे माझी स्वतःची मुलगी, शिकलेली, शाळेत शिकवणारी, आणि ती मला तोंडावर खोटं सांगत होती. अंगावर हात पडलेली बाईच असं सांगते. मी कुणाला न सांगता नेवार्कच्या विमानात तीन जागा मिळतील का ते बघून ठेवलं. येताना आम्ही दोघं आलो होतो.

शनिवारी ती दोघं पुन्हा ग्रोसरीला निघाली, तेव्हा मी बूट घालून त्यांच्या ट्रकच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. नवऱ्यालाही बसवलं.

"आम्ही पण येतो. मला कोथिंबीर हवीये."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जावई हुं की चूं करेना. शेवटी मुलगीच म्हणाली, "फाइन. पण आई, प्लीज फ्रीक आउट करू नकोस." तिने त्याच्याकडून किल्ली घेतली, लोखंडी कपाट उघडलं आणि दोन लांबट पेट्या आणून ट्रकमध्ये ठेवल्या.

बंदुका. वाटेत तिने सगळं सांगितलं. तिथे तपकिरी अस्वलाच्या शिकारीचे परवाने सोडत काढून देतात. तिने हौसेने नाव घातलं होतं आणि ते लागलं होतं. ऑक्टोबरमध्ये ती आणि जावई जाणार होती, आणि गोळी तिने मारायची होती. पहिलीच शिकार, म्हणून पहिलीच स्वतःची बंदूक ठरवायची होती. बार उडाला की बंदुकीचा दस्ता मागे येऊन खांद्यावर आदळतो, डाग त्याचा.

"मग सांगितलं का नाहीस?"

"बिकॉज तू असाच फेस करणार होतीस."

घरातला कोळी कागदावर घेऊन बाहेर सोडणारी माझी मुलगी अस्वल मारायला निघाली होती. त्यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. पण आधी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो पुढच्या वळणापर्यंतच टिकला. दस्त्याने लागतं हे पटलं. पण तो दस्ता हिच्या खांद्याला लावला कुणी? दोनदा काळंनिळं होईपर्यंत बघत कोण उभं राहिलं?

नेमबाजीची जागा म्हणजे गावाबाहेरची एक खडीची खाण. लाकडी टेबलं, आणि लांबवर पुठ्ठ्याची निशाणं. जावयाने पेट्या उघडून आम्हाला दोन्ही बंदुका दाखवल्या. विचारलं तेवढंच सांगत होता. एक थर्टी-ऑट-सिक्स, सर्रास सगळीकडे वापरतात ती. जड गोळी घातली तर तपकिरी अस्वलालाही चालते, पण गोळी नेमक्या जागी लागली पाहिजे. दुसरी थ्री-सेव्हंटी-फाइव्ह, आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठी काढलेलं माप. ही त्याच्या वडिलांची. वडील आता नाहीत. पहिलीचं काडतूस बोटाएवढं, दुसरीचं फळ्यावर लिहायच्या जाड मार्करसारखं.

माझ्या नवऱ्याने दोन्ही काडतुसं तळहातावर तोलून बघितली आणि निकाल दिला. "मोठीच घे. अस्वलासमोर कमी पडायला नको. वाढत्या अंगाची असलेली बरी!"

या एका वाक्यावर आमचं घर चाललं आहे. न्यू जर्सीच्या थंडीत मुलीचे कोट नेहमी पुढच्या वर्षीच्या मापाचे असायचे. बाह्या दुमडलेल्या, बुटांच्या टोकांत कागद कोंबलेला. दुकानात आम्ही विचारायचो, होतंय ना गं? आणि ती त्या कोटात बुडालेली असली तरी म्हणायची, "फिट्स." कोट निदान पुढच्या वर्षी तरी अंगाला येतो. बंदुकीचं तसं नसणार, असं माझ्या मनात आलं.

"बाबा, मी पण तेच म्हणतेय," ती म्हणाली आणि तिने थ्री-सेव्हंटी-फाइव्ह उचलली. जावयाने मान खाली घालून आम्हाला कानांवर लावायचे मफ दिले. बापाची बंदूक, बायकोचा खांदा, आणि हा गप्प. माझा राग मस्तकात गेला होता.

बार उडाला तो मला दातांत जाणवला. गोळी निशाणाच्या खूप खाली लागली. दुसरी त्याहून खाली. माझं लक्ष निशाणाकडे नव्हतंच, मी तिचा चेहरा बघत होते. आवाज व्हायच्या आधी, अगदी निमिषभर आधी, तिचे डोळे मिटत होते, ओठ आवळले जात होते आणि खांदा वर चढत होता. हा चेहरा मला पाठ आहे. बाही वर करून बसलेलं, "आय ॲम नॉट स्केअर्ड" म्हणणारं मूल असाच चेहरा करतं. अशा मुलाला मी सुईच्या आधी नुसता ओला कापूस लावून बघायची. कापसालाच किंचाळलं, की समजायचं दुखणं कुठे आहे ते.

मी जावयापाशी गेले आणि त्याला इंग्रजीत विचारलं, "तिला न कळता बंदूक रिकामी देता येईल?"

आल्यापासून पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. मग मान हलवली, तिच्या हातातून बंदूक घेतली, पाठमोरा होऊन गोळी भरल्यासारखं केलं आणि परत दिली. तिने नेम धरला. चाप ओढला. नुसतं टक् झालं. आणि त्या रिकाम्या बंदुकीची नळी जमिनीकडे झुकली, खांदा झटक्याने मागे गेला, मान आखडली. कुणी धक्का दिला नव्हता तरी. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं, तिनेही.

ती रडली नाही, चिडली. "दॅट वॉज सो मीन, आई!"

"ही मोठी घ्यायला तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. विचारताना माझा हात बहुतेक जावयाकडेच होता.

"नोबडी! तो तर पहिल्या दिवसापासून लहान घे म्हणतोय. ही कपाटातून काढायलाच तयार नव्हता तो. मी हट्ट केला."

"का पण?"

"कारण अस्वल नुसतं जखमी झालं आणि झुडपात शिरलं तर त्याच्या मागे आम्हालाच जायचंय. जखमी सोडून येता येत नाही. तो मला पुढे जाऊ देणार नाही, आय नो हिम. तोच पुढे असणार. माझी गोळी कमी पडली आणि त्याला काही झालं तर?"

"डोळे मिटून मारलेली मोठी गोळी त्याच्या काय कामाची?" मी म्हटलं. मग आवाज खाली आणला. "दुखतंय ना?"

तिने बंदूक टेबलावर ठेवली.

"खूप दुखतं, आई. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मी त्याच्याकडून प्रॉमिस घेतलं होतं, तुम्हाला काही सांगायचं नाही म्हणून."

मग तिचं लक्ष माझ्या उभं राहण्याकडे गेलं. मी तिच्या आणि जावयाच्या मधोमध उभी होते, तिला पाठीशी घालून. तिने त्याच्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"वेट. तुला काय वाटलं होतं?"

माझी नजर जावयाच्या हातांकडे गेली.

"ओ माय गॉड. आई, यू थॉट ही—"

"हो," मी म्हटलं. "वाटलं होतं. तुझं तिकीटही बघून ठेवलंय."

तिने थर्टी-ऑट-सिक्स उचलली आणि तरातरा पलीकडच्या टोकाच्या टेबलाकडे निघून गेली. माझा नवरा तिच्या मागोमाग गेला. समजूत घालायचं काम आमच्याकडे तोच करतो.

मी आणि जावई उरलो. तो खाली बसून खडीतल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचत होता. पुन्हा तसा डाग दिसला तर मी पुन्हा असाच संशय घेईन, आणि त्याची मला लाजही वाटणार नाही. पण या माणसाला माझ्या तोंडून काहीतरी ऐकायचा हक्क होता. तोच आधी बोलला. मान खाली, आवाज हळू. म्हणाला, तिचा डाग दिसला त्याच सकाळी मला कळलं होतं तुम्ही काय बघताय ते. वचन दिलेलं होतं, म्हणून बोललो नाही.

मग मोठ्या बंदुकीकडे बोट करून म्हणाला, ही ज्याची, तो माझ्या आईला मारायचा. दंडावर डाग असायचे, मानेवर असायचे. शाळेतल्या बाई घरी यायच्या, चर्चमधली माणसं यायची, डॉक्टर तर शेजारीच राहायचे. सगळे आमच्याकडे जेवून जायचे. एकदा बघायचे आणि नजर वळवायचे. दुसऱ्यांदा कुणीही बघितलं नाही.

"तुम्ही रोज बघत होतात," तो म्हणाला. "मला राग नाही आला. तिच्यासाठी बरं वाटत होतं."

पलीकडून लहान बंदुकीचा बार ऐकू आला. नवरा काहीतरी ओरडला, बहुतेक आनंदाने. मी तिकडे वळले नाही. गुडघ्यांवर हात टेकवत त्याच्याशेजारी खडीत बसले आणि पुंगळ्या वेचायला लागले.